चासीला जोड देताना

कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरातून दुपारच्या वेळी एक फेरी मारली, तर निळसर-पांढरा लखलखाट दिसल्याशिवाय राहत नाही. कुठे उसाच्या ट्रॉलीचा सांगाडा उलटा टाकलेला असतो, कुठे वडापची जुनी जीप लोखंडी घोड्यांवर चढवलेली असते, तर कुठे एखादी मोटार आतल्या खुर्च्या काढून मोकळी करून ठेवलेली असते. या सर्वांचे दुखणे बहुधा एकच असते. चासी गंजली आहे, तडकली आहे किंवा वाकली आहे, आणि मालकाला ती ‘मजबूत करून’ हवी आहे.

आपल्या भागात गाड्यांना गंज लवकर गाठतो. पाऊस भरपूर, रस्त्यांवर चिखल, आणि त्यात महापूर. ऑगस्ट २०१९ मध्ये राजाराम बंधाऱ्यापाशी पंचगंगेची पातळी ५५ फुटांच्या वर गेली होती. धोक्याची पातळी आहे ४३ फूट. जुलै २०२१ मध्ये पुन्हा तसाच पूर आला. पुरात बुडालेली गाडी धुऊन-पुसून चालू करता येते, पण चासीच्या पोकळ भागात शिरलेला गाळ तिथेच राहतो. तो ओल धरून ठेवतो आणि लोखंड आतून खात जातो. दोन-तीन वर्षांनी गाडी खालून टोचून पाहिली, की स्क्रूड्रायव्हर पत्र्यातून आरपार जातो.

मग एक सोपा उपाय सुचतो. वरून जाड पट्टी ठेवायची आणि चारी बाजूंनी वेल्डिंग मारून टाकायचे. लोखंड वाढले म्हणजे ताकद वाढली, असा साधा हिशेब. पण अनुभवी मेस्त्री सांगतात की अशी ठिगळ लावलेली चासी पुष्कळदा ठिगळाच्या कडेलाच पुन्हा तुटते. जाड पट्टी शाबूत राहते आणि शेजारचे मूळ लोखंड तडकते. असे का व्हावे? यात आठवी ते बारावीच्या विज्ञानातल्या कितीतरी गोष्टी दडलेल्या आहेत. शिवाय प्रश्न माणसांच्या जिवाचा आहे. दहा-बारा माणसे बसलेल्या वडापची चासी घाटात तुटली तर काय होईल, हे वेगळे सांगायला नको.

चासी म्हणजे नेमके काय?

गाड्यांचे ढोबळमानाने दोन प्रकार आहेत. पहिल्या प्रकारात खाली एक स्वतंत्र सांगाडा असतो. दोन लांब तुळया आणि त्यांना जोडणाऱ्या आडव्या तुळया, म्हणजे जमिनीवर आडवी ठेवलेली शिडीच. इंजिन, चाके, पाटे हे सारे या शिडीला जोडतात आणि वर गाडीचा साटा बसवतात. जीप, ट्रॅक्स, सुमो, बोलेरो, ट्रक ही या प्रकारची वाहने. कोल्हापूरच्या दसऱ्याच्या मिरवणुकीत राजाराम महाराजांच्या काळातली जी मेबॅक मोटार दिसते, तीही याच घडणीची. त्या काळी बड्या गाड्यांचे कारखाने अनेकदा नुसता सांगाडा आणि इंजिन बनवत आणि वरचा साटा दुसरे कारागीर बांधत.

दुसऱ्या प्रकारात वेगळी शिडी नसतेच. पातळ पत्रे दाबून, दुमडून, हजारो ठिकाणी टाचून एक पेटी तयार करतात. ती पेटी हाच सांगाडा. ॲम्बॅसडर, पद्मिनी, मारुती ८०० आणि आजच्या बहुतेक सर्व छोट्या गाड्या अशा आहेत. अंड्याचे कवच जसे आत हाडे नसतानाही भार पेलते, तसेच इथे छत, तळ, दाराखालचे उंबरे हे सर्व मिळून भार पेलतात.

हा फरक दुरुस्तीच्या दृष्टीने फार महत्त्वाचा आहे. जीपच्या तुळईचा पत्रा साधारण तीन-चार मिलिमीटर जाड असतो, तर पेटीवजा गाडीचा पत्रा अनेक ठिकाणी जेमतेम एक मिलिमीटर. एकीला चालणारी पद्धत दुसरीला चालत नाही.

वाक आणि पीळ

चासीवर मुख्यतः दोन प्रकारचे बल येते. माणसे आणि सामान बसले की ती मधे वाकू पाहते. एक चाक खड्ड्यात आणि दुसरे उंचवट्यावर गेले की तिला पीळ बसतो. या दोन्ही गोष्टी वर्गात सहज दाखवता येतील.

एक लाकडी फूटपट्टी दोन पुस्तकांवर आडवी ठेवून मधे दाबा. ती चटकन वाकते. तीच पट्टी कडेवर उभी धरून दाबा. आता ती वाकत नाही. लाकूड तेवढेच आहे, फक्त बलाच्या दिशेतली उंची बदलली. वाकण्याला होणारा विरोध उंचीच्या घनाच्या प्रमाणात वाढतो. उंची दुप्पट केली तर ताठपणा आठपट. म्हणूनच चासीच्या तुळया रुंद आणि चपट्या न करता उंच करतात. तुळई वाकते तेव्हा तिची वरची कड दाबली जाते, खालची ताणली जाते आणि मधल्या भागावर ताण जवळजवळ नसतो. हे लक्षात ठेवा, पुढे उपयोगी पडणार आहे.

आता पिळाचा प्रयोग. बुटांचे खोके घ्या, झाकण काढा आणि दोन टोके धरून उलटसुलट पिळा. ते सहज पिळले जाते. मग झाकण लावून कडा चिकटपट्टीने पक्क्या बंद करा आणि पुन्हा पिळा. खोके एकदम ताठ झालेले जाणवेल.

हा फरक किती मोठा असतो, ते आकड्यांत पाहू. ५० मि.मी. बाजूची आणि २ मि.मी. जाडीची चौकोनी नळी घेतली, तर पत्र्याच्या मध्यरेषेने मोजलेली बाजू ४८ मि.मी. होते. बंद चौकोनी नळीचा पिळाला विरोध मोजणारी राशी म्हणजे बाजूचा घन गुणिले जाडी. ४८ × ४८ × ४८ × २ = २,२१,१८४. हीच नळी एका बाजूने लांबीभर चिरली, तर ती राशी होते पत्र्याची एकूण लांबी गुणिले जाडीचा घन, भागिले तीन. १९२ × ८ ÷ ३ = ५१२. म्हणजे केवळ एका चिरेमुळे पिळाला होणारा विरोध चारशेपटींहून अधिक घटला. वजन मात्र तेवढेच राहिले.

यातून दोन गोष्टी कळतात. गंजाने पोकळ तुळईची एक शिवण लांबवर उघडली, तर ‘बाकीचे लोखंड चांगले आहे’ असे म्हणून चालत नाही. आणि इंग्रजी ‘सी’च्या आकाराची उघडी तुळई चौथ्या बाजूने पट्टी लावून बंद केली, तर थोड्या लोखंडात पुष्कळ ताठपणा मिळतो. मेस्त्री याला ‘बॉक्स करणे’ म्हणतात.

ताठपणा वाढवून तूट का होते?

मग सगळी चासी बॉक्स करून टाकावी का? इथेच अडचण सुरू होते. चासी एका भागात फार ताठ आणि शेजारी लवचीक झाली, की सगळा वाक आणि सगळा पीळ त्या सीमेवर येऊन एकवटतो. मनगटाला फळी बांधलेल्या माणसाचा हात फळीच्या कडेशी दुखू लागतो, तसेच हे.

शांपूच्या पुडीला कडेला एक बारीक खाच असते. तिथून पुडी अलगद फाटते, आणि खाच नसेल तर दात लावावे लागतात. खाचेच्या टोकाशी ताण गोळा होतो. रुंद पत्र्याला ओढ दिली आणि त्यात एक गोल भोक असले, तर भोकाच्या कडेशी ताण सरासरीच्या तिप्पट होतो. टोकदार खाचेशी तो याहून कितीतरी जास्त होतो. १९४३ च्या जानेवारीत अमेरिकेतल्या पोर्टलंड इथे ‘शेनेक्टडी’ नावाचे नवे कोरे तेलवाहू जहाज शांत पाण्यात, धक्क्याला बांधलेले असताना मधोमध दुभंगले. ते जहाज वेल्डिंगने जोडलेले होते. त्या काळातल्या अशा जहाजांच्या तपासातून जी कारणे पुढे आली, त्यांत जोडातील दोष, चौकटींच्या टोकदार कोपऱ्यांशी साठलेला ताण आणि थंडीत ठिसूळ होणारे पोलाद ही प्रमुख होती. रिव्हेट मारलेल्या जहाजात तडा एका पत्र्याच्या कडेशी थांबू शकतो. वेल्डिंगने सगळे पत्रे एकसंध झाल्यामुळे तड्याला वाट मोकळी मिळते.

गाडीत हे एका दणक्यात होत नाही. तार मागेपुढे वाकवत राहिले की ती काही वेळाने तुटते, तसे रोजच्या खड्ड्यांनी तडा मिलिमीटरने सरकत जातो. म्हणून जोड देताना पुढील पथ्ये पाळतात.

पट्टीची टोके चौकोनी कापायची नाहीत. ती निमुळती किंवा माशाच्या उघड्या तोंडासारखी कापतात, म्हणजे ताठपणा हळूहळू वाढतो. तुळईच्या वरच्या आणि खालच्या कडेवर आडवे वेल्डिंग मारायचे नाही, कारण सर्वाधिक ताण तिथेच असतो. जोड शक्यतो उभ्या मधल्या भागावर घ्यावा. पट्टीची जाडी मूळ पत्र्याएवढी किंवा किंचितच जास्त असावी. तडा गेला असेल, तर त्याच्या टोकाला आधी बारीक भोक पाडतात, म्हणजे टोकदार खाच गोल होते. मग तडा ग्राइंडरने ‘व्ही’ आकारात खोदून भरायचा आणि त्यानंतरच पट्टी द्यायची. तड्यावर नुसती पट्टी झाकली, तर तो आत वाढतच राहतो, फक्त दिसत नाही.

तापलेल्या लोखंडाची ओढ

वेल्डिंगच्या ठिणगीचे तापमान सुमारे ६,००० °से. असते. पोलाद १,५०० °से. च्या आसपास वितळते. जोडाच्या जागी रस होतो आणि दोन बोटांवरचे लोखंड मात्र तुलनेने थंड असते.

एक मीटर पोलादी पट्टी १०० °से. ने तापली, की साधारण १.२ मि.मी. ने वाढते. दोन्ही टोके घट्ट धरून तिला वाढूच दिले नाही, तर तिच्यात किती ताण निर्माण होईल? लांबीतला बदल ०.००१२ पट, आणि पोलादाचा यंग गुणांक दर चौरस मि.मी. ला सुमारे २,००,००० न्यूटन. गुणाकार येतो २४०. साधे पोलाद सुमारे २५० ला कायमचे वाकू लागते. म्हणजे अवघा शंभर अंशांचा फरक साध्या पोलादाला त्याच्या मर्यादेपर्यंत नेतो. वेल्डिंगमध्ये तर फरक हजार अंशांहून अधिक असतो. तापलेला भाग शेजारच्या थंड लोखंडात दबतो, आणि थंड होताना आक्रसून सगळ्यांना आपल्याकडे ओढतो. चासी वाकडी होते, दार बसेनासे होते. वाकडी झाली नाही, तर तो ताण आतच दडून राहतो.

म्हणून जाणता मेस्त्री एका दमात लांब रेघ ओढत नाही. आधी थोड्या थोड्या अंतरावर टाके मारतो, मापे पुन्हा तपासतो, मग एक इंच इकडे, एक इंच समोरच्या बाजूला, असे टप्प्याटप्प्याने भरतो. गाडी समतल घोड्यांवर, योग्य ठिकाणी टेकू देऊन ठेवलेली असावी. झोळ पडलेल्या अवस्थेत वेल्डिंग केले, तर तो झोळ कायमचा होतो. जोड लवकर थंड व्हावा म्हणून त्यावर पाणी ओतण्याची सवय तर अगदी वाईट. काही पोलादे अशा झटक्याने ठिसूळ होतात.

उष्णतेचा आणखी एक परिणाम डोळ्यांना दिसत नाही. जोडाशेजारच्या पट्ट्यात पोलादाचे कण बदलतात. साध्या पोलादाला त्याची फारशी बाधा होत नाही. पण अलीकडच्या गाड्यांत दारांचे खांब, उंबरे अशा जागी खास उष्णतेची प्रक्रिया केलेले अतिबळकट पोलाद असते. ते वेल्डिंगने मऊ पडते. पाट्यांचे पोलादही वेगळे असते. पाटा कधीही वेल्ड करू नये, बदलावा. पुढचा भाग तर धडकेत मुद्दाम चुरगळावा अशा बेताने केलेला असतो. तो ‘मजबूत’ केला, की धडकेचा जोर सरळ आतल्या माणसांवर येतो.

कोणते वेल्डिंग?

गॅस वेल्डिंगमध्ये उष्णता दूरवर पसरते, म्हणून चासीसाठी ते टाळलेले बरे. रॉडचे आर्क वेल्डिंग जीपच्या जाड तुळईला चांगले चालते, पण एक मिलिमीटरच्या पत्र्याला भोके पाडते. तिथे ‘सीओटू’ वेल्डिंग वापरतात. त्यात तारेचे रीळ आपोआप पुढे सरकते आणि वायूच्या आवरणामुळे रसाला हवा लागत नाही. उष्णता आवरता येते.

रॉड ओला असेल, तर पाण्यातला हायड्रोजन रसात शिरतो आणि जोड थंड झाल्यावर, कधी काही तासांनी, आतून तडकतो. जाड आणि बळकट पोलादाला हा धोका जास्त. त्यासाठी वापरले जाणारे कमी-हायड्रोजन रॉड भट्टीत ३०० ते ३५० °से. ला तापवून घ्यावे लागतात. कोल्हापूरच्या पावसाळ्यात उघड्या पुड्यातले रॉड तसेच वापरणे म्हणूनच अयोग्य.

आणि कोणतेही वेल्डिंग गंजावर धरत नाही. चकचकीत, निकोप लोखंड लागेपर्यंत घासत आणि कापत जावे लागते. तसे लोखंड लागलेच नाही, तर ती चासी दुरुस्तीच्या पलीकडे गेली असे समजावे.

आधी जीव, मग जोड

पेट्रोलची रिकामी टाकी भरलेल्या टाकीहून अधिक धोकादायक असते, हे अनेकांना खरे वाटत नाही. हवेत पेट्रोलची वाफ सुमारे १.४ ते ७.६ टक्के असली, की ठिणगीने स्फोट होतो. भरलेल्या टाकीत वाफेला जागाच कमी असते, रिकामीत भरपूर. ही वाफ हवेपेक्षा तीन-चारपट जड असल्याने गॅरेजच्या खड्ड्यात साठून राहते. म्हणून टाकी आणि इंधनाची नळी काढून दूर ठेवल्याशिवाय काम सुरू करू नये. गॅसवर चालणाऱ्या गाडीचे सिलिंडर जाणकाराकडूनच उतरवून घ्यावे.

बॅटरीच्या तारा आधी काढाव्यात, उणे टोक प्रथम. संगणक-नियंत्रित गाडीत ते डबेही सोडवावेत. वेल्डिंगचा अर्थिंग क्लॅम्प जोडाच्या अगदी जवळ, घासलेल्या लोखंडावर लावावा, नाहीतर प्रवाह बेअरिंगमधून वाट काढतो आणि ती खराब होतात. ब्रेकच्या नळ्या, वायरी, रबर, गालिचा बाजूला करावा. पाण्याची बादली, अग्निशामक नळकांडे आणि लक्ष ठेवणारा दुसरा माणूस जवळ असावा. काम संपल्यावरही अर्धा तास गाडी सोडून जाऊ नये. पोकळ भागात ठिणगी धुमसत राहते.

ठिणगीतली अतिनील किरणे डोळ्यांच्या बाहुलीवरचे आवरण भाजतात. त्या वेळी काही जाणवत नाही, पण रात्री डोळ्यांत वाळू गेल्यासारखी आग होते. काळ्या काचेशिवाय बघणे मेस्त्रीला घातक, तसेच रस्त्यावरून जाणाऱ्या मुलांनाही. जस्ताचा मुलामा दिलेला पत्रा वेल्ड केला, तर जस्ताच्या धुराने थंडी वाजून ताप येतो. मुलामा आधी घासून काढावा आणि जागा हवेशीर असावी. वेल्डिंग यंत्राचे टोक मोकळे असताना ८० व्होल्टपर्यंत दाब असू शकतो. कोरड्या हाताला तो सोसतो, पण घामाने भिजून ओल्या जमिनीवर पडलेल्या माणसाला प्राणघातक ठरू शकतो. आणि नुसत्या जॅकवर उभ्या असलेल्या गाडीखाली कोणीही, कधीही शिरू नये.

खर्च कुठे वाचतो, कुठे वाचवू नये

या कामात लोखंडाला आणि रॉडला लागणारा पैसा थोडा असतो. खरा खर्च वेळेचा. खुर्च्या, टाकी, गालिचे काढणे, गाळ आणि डांबर खरवडणे, गंज घासणे आणि शेवटी सगळे परत बसवणे यात दिवस जातात. यातली धुण्या-खरवडण्याची कामे मालकाला स्वतः करता येतात. गाडी स्वच्छ होऊन आली, की मेस्त्रीलाही नेमका अंदाज देता येतो. गंज किती पसरला आहे हे काम सुरू झाल्यावर कळले, तर अंदाज फुगत जातो. म्हणून सगळी चासी आधी हातोडीने ठोकून बघावी. निकोप लोखंड खणखणते, गंजलेले बद्द वाजते. पट्ट्या कागदी नमुन्याबरहुकूम एकदम कापून घेतल्या, तर तेही स्वस्त पडते.

वाचवू नये अशा दोन गोष्टी. एक, जोडाची परीक्षा. त्याच जाडीचे दोन तुकडे त्याच यंत्रावर काटकोनात जोडून घ्या आणि शेगड्यात धरून हातोडीने वाकवा. जोडच निघून आला, तर रस आत मुरलेला नाही. तुकडा वाकला पण जोड टिकला, तर काम भरवशाचे. दोन, गंजरोधक. वेल्डिंगने आतल्या बाजूचा रंग जळून जातो आणि गंज तिथूनच सुरू होतो. जोड थंड झाल्यावर बाहेरून रंग आणि आतून मेण किंवा तेलाचा फवारा हवा. पाणी निथळण्याची मूळ भोके बुजवू नयेत.

कायदा काय म्हणतो?

मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार कारखान्याने दिलेल्या तपशिलाशी विसंगत असा बदल वाहनात करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हाच अर्थ स्पष्ट केला. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर अनधिकृत बदलासाठी सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दर बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. गंजलेला भाग मूळच्यासारखा करणे ही दुरुस्ती. जास्त माणसे किंवा जास्त ऊस वाहता यावा म्हणून चासी लांबवणे किंवा वाढवणे हा बदल. आरटीओ कार्यालयात विचारूनच पुढे जावे, आणि चासी क्रमांक कोरलेल्या जागेला हात लावू नये. भार वाढवण्यासाठी केलेला जोड विज्ञानाच्या कसोटीवरही टिकत नाही. चासी वाढली तरी ब्रेक, टायर आणि पाटे तेवढेच राहतात.

वर्गासाठी

फूटपट्टी, बुटांचे खोके, शांपूची पुडी आणि तारेचा तुकडा एवढ्या साहित्यात एक तासिका छान रंगेल. अकरावी-बारावीच्या मुलांना पट्टीच्या ताणाचा हिशेब तांबे आणि ॲल्युमिनियमसाठीही करायला द्या. जमल्यास मुलांना जवळच्या वर्कशॉपमध्ये न्या, मात्र वेल्डिंग सुरू असताना काळ्या काचेशिवाय कोणी पाहणार नाही याची काळजी घ्या. मेस्त्रींना तीनच प्रश्न विचारायला सांगा. पट्टीची टोके अशी का कापली? रेघ एकदम का ओढली नाही? टाकी कुठे ठेवली आहे? ज्यांनी ही विद्या हातांनी कमावली आहे, त्यांच्याकडून मिळणारी उत्तरे मुलांनी पाठ्यपुस्तकातल्या सूत्रांशी ताडून पाहावीत. आणि घरच्या गाडीचे असे काम निघाले, तर हेच तीन प्रश्न आईवडिलांनाही विचारता येतील.